थोरली की धाकटी

४ ऑक्टोबर, शनिवार

ऋग्वेदला पुण्याच्या हॉस्टेलात सोडून आल्यापासून रियाधच्या या घरात आम्ही दोघंच. मी आणि सरिता. पहिला महिना आम्ही एकमेकांना "चहा?" एवढंच विचारण्यात घालवला. मग मीच पुढाकार घेतला आणि थुमामा रस्त्यावरच्या नेमबाजी क्लबात दोघांची नावं घातली. सरिता म्हणाली, "बंदूक? आपण?" मी म्हटलं, "मग काय, पत्ते?" आली. आता दर शनिवारी स्वतःहून गाडीत बसते.

नवी वही काढली त्याला कारण आहे. डिसेंबरात क्लबची जोड्यांची स्पर्धा आहे. नियम मजेशीर: जोडीला बंदूक एकच. आधी एकानं झाडायची, मग तीच दुसऱ्याच्या हाती द्यायची. कोणती घेणार ते महिनाअखेरीआधी लिहून द्यायचं, नंतर बदल नाही. बंदुका अर्थात क्लबच्याच. आमच्यासारख्या परदेशी माणसांनी त्या घरी नेण्याचा प्रश्नच येत नाही. पर्याय दोन आहेत, दोन कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली. मी त्यांची नावं ठेवली आहेत, थोरली आणि धाकटी.

दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक. चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढचं काडतूस आपोआप वर. दोन्ही पिस्टनवाल्या, म्हणजे गोळीमागचा गॅस थोडा वळवून एका दांड्याला धक्का दिला जातो आणि तो दांडा मागचं यंत्र हलवतो. काजळी पुढेच राहते, आत घाण कमी. थोरलीत दांडा आणि मागचा ठोकळा एकसंध. जड प्रकरण, पण एका लयीत चालणारं. धाकटीत दांडा आखूड, टपली मारून परत जागेवर जाणारा.

मी बँकेत रिस्क विभागात आहे. दोन गोष्टी समोर ठेवून त्यातली बरी कोणती हे सांगण्याचाच पगार घेतो. तेव्हा हा निर्णय माझ्याकडे, हे सरितानं न बोलताच मान्य केलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिली तुलना झाली. दोन्ही कार्बाइन वाळूच्या पिशव्यांवर टेकवून शांतपणे झाडल्या, म्हणजे माणसाची चूक मध्ये येत नाही. थोरलीच्या गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत. धाकटीच्या किंचित पसरलेल्या. थोरलीचा चाप लोण्यासारखा, धाकटीचा जरा हट्टी. थोरली खांद्याला ढकलते, धाकटी टोचते. मला तरी शंका उरलेली नाही, पण एका दिवसावर निकाल देणारा मी नव्हे.

धाकटीवर नुसतीच सजावट फार आहे. सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना. मॅगझीन सोडवायचं बटण दोन्ही बाजूंना. काडतूस चढवायला ओढायची मूठ हवी तर डावीकडे लावा, हवी तर उजवीकडे. रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीमागे एक उंचवटा, पुंगळीला वळवायला. एका माणसाला दोन-दोन खटके कशाला? ज्याच्याकडे चांगली नळी नसते तो असले दागिने घालतो. थोरलीवर सगळं एकेकच आणि जिथल्या तिथे.

सरितानं दोन्हींनी थोड्या गोळ्या झाडल्या. बरी मारते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सरिताच्या हॉस्पिटलनं करार पुढच्या दोन वर्षांसाठी पाठवला आहे. ती तिथे एक्स-रे विभागात आहे. कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलाय, सही राहिली आहे. विसरली असेल. आठवण करायला हवी.

संध्याकाळी किराण्याचा पोऱ्या आला. बेल वाजली की सरिता आधी दाराच्या भोकातून बघते, आणि बघताना अशी काही तिरकी उभी राहते की नाक दाराच्या चौकटीवर आपटतं. मी म्हटलं, "सरळ उभी राहून बघ की." म्हणाली, "मला असंच दिसतं." बावीस वर्षांत तिला दारातून बघायला शिकवू शकलो नाही, नेमबाजी काय शिकवणार!

२२ ऑक्टोबर, बुधवार

काल लक्ष्मीपूजन. सत्यजित आणि सुरुची आले होते. सत्यजित माझ्याच बँकेत, दोघं ठाण्याचे. सरितानं सगळा फराळ घरी केला. भाजणीचं सामान बत्हा बाजाराच्या गर्दीतून मी आणलं, हे नमूद करून ठेवतो.

सुरुचीनं चकली हातात घेतली आणि एकदम हसायला लागली. "अगं, तुझ्या चकल्या उलट्या फिरतात!" स्वतःच्या डब्यातली चकली शेजारी ठेवून दाखवली. खरंच की, आमच्या चकलीचा वेढा दुसऱ्या दिशेचा. मी म्हटलं, "आमच्याकडे सगळंच स्पेशल असतं." सगळे हसले. सरिताही हसली आणि मग माझ्याकडे बघत राहिली, मी आणखी काही बोलेन अशी. मी आणखी एक चकली घेतली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज उभ्यानं नेमबाजी, स्पर्धेत असते तशी. दुर्बीण नाही, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवायची, बस. माझी थोरली झकास चालली. सरिताची गडबड. दस्ता उजव्या खांद्याला लावते आणि मान पार त्यावरून पलीकडे झोकते, रुसलेल्या बगळ्यासारखी. गोळ्या सगळ्या एका बाजूला. रेंजवरचा सिराजुद्दीन, हैदराबादचा, तिला म्हणाला, "मॅडम, गर्दन सीधी रखो." तिनं ठेवली आणि टार्गेटच चुकलं.

तिनं थोरली खाली ठेवली. "ही मला जमत नाहीये, श्री. धाकटीवर माझा हात जरा तरी बसतो."

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मग उपाय केला. तिचा डावा डोळा मध्ये येत होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढरी पट्टी चिकटवून दिली. प्रश्न मिटला. ती पट्टी लावून तासभर झाडत राहिली आणि गोळ्या खरोखर थोड्या जवळ आल्या. येताना गाडीत मान चोळत होती, डोकं दुखतंय म्हणाली. सवयीनं जाईल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज दिला: थोरली. मी केलेला तुलनेचा तक्ता बघून क्लबचे कॅप्टन फहद म्हणाले की सैन्यातही त्यांना कुणी एवढा व्यवस्थित अहवाल दिला नव्हता. निवृत्त अधिकाऱ्याचं मत आहे, वाऱ्यावरचं नाही. चाप, पकड, धक्का, गोळ्यांचा पसारा, गरम झाल्यावरचा फरक, साफसफाईला लागणारा वेळ. काही सोडलं नाही.

घरी आल्यावर सरिताला सांगितलं. "तुला बरी वाटते ना?" एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली. तिचा विश्वास आहे, ही मोठी गोष्ट आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपाउंडात क्रिकेट खेळताना झेल घ्यायला झेपावलो आणि उजव्या खांद्यावर आपटलो. झेल घेतला.

सरितानं हॉस्पिटलात नेलं आणि एक्स-रे स्वतः काढला. फिल्मवर ती शिशाचं छोटं अक्षर ठेवते, उजवं की डावं ते कळायला. "हे चुकलं तर धडधाकट हात कापतील," म्हणाली. हाड शाबूत, मुका मार. दोन आठवडे खांद्यावर धक्का नको. मी म्हटलं, सराव बुडवणार नाही, डाव्या खांद्यावरून झाडीन. तिनं फिल्म लाइटवर लावता लावता विचारलं, "डाव्यानं? तू?" डोळ्यांत काहीतरी गंमत होती. माझ्यावर भरवसा नाही, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या खांद्यावरून थोरली झाडून पाहिली. देवा! सेफ्टीचा खटका पलीकडच्या बाजूला. बोट पोचेना, बंदूक दर वेळी खाली घ्यावी लागते. पुंगळीची खिडकी ऐन तोंडासमोर, धूर आणि काजळी गालावर. तिसऱ्या गोळीला तापलेली पुंगळी उजव्या हाताच्या कोपरात पडली, चांगला चटका बसला. जगातल्या डावखुऱ्यांची दया आली. त्यांच्यासाठी कुणी विचारच केलेला नसतो. बरं, आपल्या घरात कुणी नाही.

त्या मानानं धाकटी डावीकडून सोपी गेली. पुंगळी उंचवट्यावर आपटून दूर गेली, खटका अंगठ्याखालीच. तक्त्यात तशी नोंद केली, अर्थात आमच्या कामाची नाही.

सरिता मागे उभी होती. म्हणाली, "तू डाव्यानं करतोयस तर मीपण बघू?" मी म्हटलं, बघ की, गंमत. तिनं चष्म्यावरची पट्टी सोलून काढली, धाकटी डाव्या खांद्याला लावली. मान ताठ, बगळा कुठल्या कुठे. पाच गोळ्या झाडल्या. टार्गेट जवळ आणलं तर मध्यात एकच मोठं भोक, फाटल्यासारखं. सिराजुद्दीननं कागद उजेडाकडे धरला आणि "माशाल्लाह" म्हणाला.

मी कारणं तपासली. नळी नुकतीच साफ केलेली. वारा पडलेला. आणि नवशिक्याचं नशीब असतंच. सरिताला तसं सांगितलं. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. गाडीत मान दुखत होती का विचारलं, तर म्हणाली, "आज नाही दुखली."

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायला जड जातंय, पण वही खोटी ठेवून उपयोग नाही.

जेवताना मी कराराची आठवण केली. सही करून टाक, मुदत संपेल. सरिता शांतपणे म्हणाली, "विसरले नाहीये, श्री. करावी की नाही ते ठरत नाहीये. जानेवारीत पुण्याला जाऊन राहावं म्हणते, ऋग्वेदजवळ."

मी म्हटलं, त्याला तू कशाला हवीस, तो अठरा वर्षांचा आहे.

"त्याला नकोय. पण इथे तरी कुणाला हवी आहे?"

मी काहीतरी बोलणार होतो. तिनं हात वर केला. "एक सांग. मी तुला पोळी कुठल्या हातानं वाढते?"

मी ताटाकडे बघितलं. पोळी ताटात होती. कुठल्या हातानं आली ते माहीत नव्हतं.

"काडी कुठल्या हातानं ओढते? केस? चकल्या उलट्या का फिरतात, सुरुचीला एका दिवसात दिसलं. तुला बावीस वर्षांत नाही. मी डावरी आहे, श्री. चिपळूणला बाबांनी रुमालानं हात बांधून उजव्यानं लिहायला आणि जेवायला लावलं. मारून नाही, लाडानंच. पंक्तीत मुलगी डाव्या हातानं जेवताना बरी दिसत नाही म्हणून. तेवढं दोन गोष्टींपुरतं शिकले. बाकी मी आहे तशीच आहे. काही लपवलं नाही."

मी विचारलं, "मग रेंजवर सांगायचं ना."

"पहिल्या दिवशी सांगणार होते. मग म्हटलं, तू विचारशील. तू त्या दोन बंदुकांना पन्नास प्रश्न विचारलेस. गरम झाल्यावर कशी वागते, थंड असताना कशी, थकते का. मला एकही नाही. आणि वर माझा चांगला डोळा पट्टी लावून बंद केलास."

मी म्हटलं, "मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. बाबापण तेच म्हणायचे." मग उठता उठता म्हणाली, "आणि अंगण खरंच वाकडं होतं."

ताटं तिनं उचलली. डाव्या हातानं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस नुसता बघतोय. दूध ओतते डाव्यानं. कुलूप उघडते डाव्यानं. कपाटातल्या कपांचे कान सगळे डावीकडे. ते मी रोज सकाळी चिडून सरळ करत आलो, आणि ती रोज संध्याकाळी परत तसेच ठेवत आली. घरात एकच कात्री आहे, माझ्या हाताची. ती वापरताना तिचा अंगठा लाल होतो. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. एका घरात राहून मी हिच्याबद्दल काय तपासलं इतकी वर्षं?

ती गेली तर मी काय करीन, हा प्रश्न प्रथमच मनात आला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एकटाच क्लबात गेलो. कॅप्टन फहदना म्हटलं, थोरली रद्द, धाकटी द्या. ते म्हणाले, मुदत संपली, खलास. यंत्रात बिघाड निघाला तरच बदल. मग हळूच म्हणाले, "बिघाड आहे असं लिहा, मी सही करतो."

मोह झाला. पण थोरलीनं माझं काय वाकडं केलं होतं? चांगली बंदूक आहे ती. मी लिहिलं: बंदुकीत दोष नाही. मी तुलना निम्मीच केली. बंदूक दोघांसाठी होती आणि मी एकालाच मोजलं. माझी बायको डावखुरी आहे.

त्यांनी दोनदा वाचलं. मग मोठ्यानं हसले आणि म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ डावखुरा आहे, आजीनं त्याच्या हातावर चमचे मारले. डावा हात असा मोडून काढणं त्यांच्याकडेही चालतं तर. बदल दिला, पण दंड म्हणून दहा गुण आधीच वजा. म्हटलं, द्या दंड, रास्त आहे.

घरी सांगितलं. "दहा गुण?" सरिता म्हणाली, "एवढ्यात तर आपण हरू."

"हरू. पण तू सरळ मान करून हरशील."

कराराचा कागद फ्रिजवर तसाच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

धाकटीची मूठ मी सिराजुद्दीनकडून सरिताच्या सोयीच्या बाजूला लावून घेतली. ती बाजू आता मला उलटी पडते. पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा हात रिकाम्या हवेत गेला. सरिता मागून म्हणाली, "नाचता येईना..." पुढचं तिनं गिळलं. किती दिवसांनी हसलो दोघं.

आज तिला विचारलं, माशी कशी दिसते, चाप जड जातो का, पाय कुठे ठेवतेस. विचारत गेलो आणि ती सांगत गेली. घर आलं तरी सांगत होती.

६ डिसेंबर, शनिवार

स्पर्धा झाली. सकाळी चांगलीच थंडी, वाळवंटाकडून कोरडा वारा. आठ जोड्या, सौदी नवरा-बायको तीन, बाकी आम्ही सगळे देशोदेशीचे. मी आधी. खांदा बरा आहे. मूठ उलटी, चाप हट्टी, तरी लाज राहील एवढं मारलं. थोरलीवर याहून बरं मारलं असतं यात मला आजही शंका नाही.

मग सेफ्टी लावली, मॅगझीन काढलं, धाकटी तिच्या पुढे केली. इतके शनिवार मी तिच्या उजव्या हातात बंदूक देत आलो, गेल्या शनिवारीही तिला ती मुकाट्यानं हातांत फिरवून घ्यावी लागली. आज मी दस्ता तिच्या डावीकडे धरला. हात आपोआप तिकडे गेला. तिनं घेतली, फिरवायची गरज पडली नाही. एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि खांद्याला लावली.

तिचे गुण त्या दिवसाचे सर्वांत जास्त. पुरुष-बायका सगळ्यांत. जोडी म्हणून आम्ही चौथे आलो. दहा गुण कापले नसते तर दुसरे आलो असतो. सत्यजित आणि सुरुची बघायला आले होते. सत्यजित म्हणाला, "अरेरे, चुकीची बंदूक आधी घेतलीस म्हणून." मी म्हटलं, "बंदूक चुकीची नव्हती रे."

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी येताना बत्हातून एक कात्री आणली. डावखुऱ्यांची. चार दुकानं फिरलो. तिसऱ्यानं मला वेड्यात काढलं. सरितानं ती घेतली, वर्तमानपत्राची एक पट्टी सरळ कापली, मग दुसरी, मग उगीचच तिसरी. डोळे पुसले. "एवढं सोपं असतं होय कापणं," म्हणाली.

मग फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर आली. पेन डाव्या हातात धरलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला माझं नाव लिहिलं. अक्षरं पहिलीतल्या मुलीची, 'श्री' पार खाली घसरलेला. बराच वेळ बघत बसली.

मी विचारलं, "करारावर पण डाव्यानं करणार सही?"

"वेडा आहेस का? बँकवाल्याच्या घरात राहते. सही जुळायला नको?"

पेन उजव्या हातात घेतलं आणि दोन वर्षांची सही केली.